पंपामागचा माणूस

पाठीवरच्या फवारणी पंपाची टाकी पंधरा-सोळा लिटरची असते. भरल्यावर पंप धरून वीस किलोंच्या आसपास वजन पाठीवर येते. टाकी भरताना थोडे पाणी सांडतेच. झाकणाचा वायसर झिजलेला असेल, तर चालताना प्रत्येक हिसक्यासरशी एक बारीक ओघळ पाठीवरून कमरेकडे उतरतो. ऑगस्टच्या दमट उकाड्यात शर्ट आधीच घामाने चिकटलेला असतो, त्यामुळे अंगावरचा ओलावा घामाचा की टाकीतला, हे फवारणाऱ्याला कळत नाही. कापसाला एकरी आठ-दहा पंप लागतात. पऱ्हाटी (कापसाचे झाड) डोक्याएवढी झाली की त्याहून जास्त. मजुरी बहुतेक ठिकाणी पंपामागे ठरते. दिवसभरात जितके पंप अधिक, तितका दाम अधिक.

टाकीत जे असते त्याला विदर्भात कोणी कीटकनाशक म्हणत नाही. ते ‘औषध’ असते. दुकान औषधाचे, बाटली औषधाची, काम औषध मारण्याचे. शब्द भाबडा नाही, शेतकऱ्याच्या दृष्टीने तो बरोबरच आहे, कारण बाटली पिकासाठी आणलेली असते आणि पीक आजारी असते. पण तोच शब्द त्या बाटलीला घरात जागा मिळवून देतो. फडताळाच्या वरच्या फळीवर, देवळीत, धान्याच्या कोठीमागे ती राहते, आणि रिकामी झाल्यावर कधीकधी रॉकेल किंवा तेल ठेवायला उपयोगी पडते.

टोपणाचे माप

फवारणीतला सर्वांत धोक्याचा क्षण शेतात चालण्याचा नसतो. तो बांधावर, ड्रमशेजारी असतो. बाटलीत मूळ द्रावण तीव्र असते. ३६ टक्क्यांचे मोनोक्रोटोफॉस म्हणजे बाटलीतल्या द्रवाचा एक तृतीयांशाहून जास्त भाग निव्वळ विष. हे द्रावण मोजायला मापाचे भांडे क्वचितच हाताशी असते, म्हणून बाटलीचे टोपणच माप होते. पंपाला दोन टोपणे, कीड जास्त दिसली तर तीन. टोपण उघडताना, ओतताना, पुन्हा लावताना बोटे ओली होतात. भुकटी असेल तर पुडी कापताना वाऱ्याबरोबर ती तोंडावर येते. मग काडीने ढवळायचे, काडी नसली तर हाताने.

एकाच ड्रममध्ये एकच औषध पडते असेही नाही. तुडतुड्यांसाठी एक, अळीसाठी दुसरे, पात्या गळू नयेत म्हणून संजीवक, वर विद्राव्य खत आणि द्रावण पानाला चिकटून राहावे म्हणून स्टिकर. फवारणी एकदाच करावी लागावी, मजुरी वाचावी, हा त्यामागचा सरळ हिशेब असतो. तो चुकीचा म्हणणे सोपे आहे. चार वेळा मजूर लावायला ज्याच्याकडे पैसे नाहीत, त्याला दुसरा हिशेब सुचणे कठीण.

या मिश्रणाची शिफारस बहुतेक वेळा कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवरून येते. शेतकरी तुटलेली फांदी किंवा कुरतडलेले बोंड घेऊन दुकानात जातो आणि दुकानदार फळीवरून दोन बाटल्या काढून देतो. माल उधारीवर मिळतो, पैसे कापूस विकल्यावर. गावाच्या वाट्याला येणारा कृषी सहायक एकटा अनेक गावे सांभाळतो. दुकान मात्र रोज उघडे असते. सल्ला विकणाऱ्याकडूनच घ्यावा लागतो, ही या साऱ्या व्यवहारातली मूळ अडचण आहे.

त्वचा सगळीकडे सारखी नसते

विष पोटात गेले तरच बाधते, असा समज अजूनही पक्का आहे. फवारणी करणाऱ्याच्या शरीरात ते मुख्यतः त्वचेतून शिरते. पॅराथिऑन या जुन्या कीटकनाशकावर झालेल्या प्रयोगांत असे दिसले, की हाताच्या पुढच्या भागावर लावलेल्या विषाचा जेमतेम दहावा हिस्सा आत शोषला जातो. कपाळावर आणि डोक्याच्या त्वचेवर हे प्रमाण त्याच्या तिपटी-चौपटीने वाढते, काखेत आणखी वाढते, आणि जांघेतल्या नाजूक त्वचेतून जवळजवळ सगळेच विष आत जाते. पंपातून गळणारा ओघळ पाठीवरून नेमका तिथेच उतरतो. घाम पुसायला तोच ओला हात कपाळावर जातो. घामामुळे त्वचा ओली आणि उष्णतेने रक्तवाहिन्या फुगलेल्या असल्या, की शोषण आणखी वेगाने होते.

सेंद्रिय फॉस्फरस गटातली कीटकनाशके, म्हणजे मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, अ‍ॅसिफेट ही मंडळी, किडीला आणि माणसाला एकाच पद्धतीने मारतात. मज्जातंतूकडून स्नायूला निरोप पोहोचवणारे एक रसायन असते, अ‍ॅसिटिलकोलिन. निरोप पोहोचला की ते लगेच पुसून टाकण्याचे काम कोलिनेस्टरेज नावाचे विकर करते. हे विष त्या विकरालाच जखडून टाकते. मग निरोप पुसला जात नाही, स्नायू आणि ग्रंथी अखंड चेतलेल्या राहतात. तोंडाला लाळ सुटते, डोळे गळतात, बुबुळातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, पोटात मुरडा येतो, उलट्या होतात, मांड्यांचे स्नायू आपोआप थरथरतात. फुप्फुसांत स्राव साचतो आणि माणूस कोरड्या जमिनीवर बुडाल्यासारखा धापा टाकू लागतो.

हलकी बाधा झाली तर इतके काही होत नाही. डोके दुखते, मळमळते, नजर अंधूक होते. ‘औषध चढले’ म्हणत माणूस लिंबूपाणी पिऊन झोपतो आणि सकाळी पुन्हा पंप पाठीवर घेतो. इथेच घात होतो. शरीर नवे विकर तयार करते, पण त्याला दिवस आणि आठवडे लागतात. रोज थोडे विष, रोज थोडे विकर कमी. पंधराव्या दिवशी नेहमीएवढेच काम केले तरी माणूस कोसळतो, आणि घरच्यांना वाटते की त्याच दिवशी काहीतरी वेगळे घडले असावे.

सन २०१७

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत नेमके हे घडले, आणि ते एकाच वेळी शेकडो माणसांच्या शरीरांत घडले. जिल्ह्यात आठशेहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर रुग्णालयांत दाखल झाले, वीसहून अधिक दगावले. अकोला, अमरावती, बुलढाणा आणि आसपासच्या जिल्ह्यांतूनही मृत्यूच्या बातम्या आल्या. विदर्भात फवारणीची विषबाधा नवी नव्हती. दरवर्षी हंगामात असे रुग्ण येत आणि जात. त्या वर्षी खाटा पुरल्या नाहीत, तेव्हा ती बातमी झाली.

कारणे एकावर एक रचली गेली होती. त्या हंगामात पऱ्हाटी विलक्षण उंच वाढली होती, पाच-सहा फुटांपर्यंत. बुटक्या पिकात नोझल गुडघ्याशी असते आणि तुषार खाली जातात. उंच पिकात नोझल तोंडासमोर येते. फवारणारा स्वतःच सोडलेल्या धुक्यात पुढे पाऊल टाकतो आणि दोन्ही बाजूंची ओली पाने त्याच्या अंगाला पुसली जातात. बॅटरीवर चालणारे चिनी बनावटीचे पंप तोवर गावोगाव आले होते. ते हाताने दांडा मारायच्या पंपापेक्षा जास्त जोराने आणि बारीक तुषार सोडतात. काम झपाट्याने होते, म्हणून दिवसात पंपही जास्त मारले जातात. पावसाने ओढ दिली होती, हवा कोंदट होती, आणि रसशोषक किडींबरोबर बोंडअळीही आली होती. फवारण्या वाढल्या, मिश्रणे वाढली.

रुग्णालयात पोहोचलेल्या माणसासमोर डॉक्टरचा पहिला प्रश्न असे: काय मारले? उत्तर बहुधा मिळत नसे. बाटली शेतात राहिलेली, नाव ठाऊक नाही, आणि औषधे तीन. हा प्रश्न कागदोपत्री सोपस्काराचा नव्हता. सेंद्रिय फॉस्फरसच्या बाधेवर अ‍ॅट्रोपीन आणि प्रॅलिडॉक्झिम हे उतारे आहेत. पण त्याच हंगामात सर्रास वापरले गेलेले डायफेन्थियुरॉन वेगळ्याच पद्धतीने काम करते. ते पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या यंत्रणेवर घाला घालते, आणि त्यावर उतारा नाही. फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड यांनाही नाही. विष कोणते हे न कळता अ‍ॅट्रोपीन देत राहिले, तर अ‍ॅट्रोपीनचीच बाधा होते. रुग्ण बरळतो, हातपाय झाडतो, त्याला खाटेवर धरून ठेवावे लागते. रक्तातले कोलिनेस्टरेज मोजले तर निदान कळले असते, की बाधा फॉस्फरस गटाची आहे की नाही. ती तपासणी त्या वेळी यवतमाळात होत नव्हती.

आणखी एक गोष्ट नातेवाइकांना कोड्यात टाकणारी होती. शुद्धीवर आलेला, बोलू लागलेला माणूस दोन-तीन दिवसांनी अचानक गेला, असे काही घरांत झाले. वैद्यकशास्त्रात याचे स्पष्टीकरण आहे. पहिली लक्षणे ओसरल्यावर, साधारण एक ते चार दिवसांच्या दरम्यान, मानेचे आणि श्वासाचे स्नायू लुळे पडू शकतात. श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी १९८७ मध्ये या अवस्थेचे पहिल्यांदा नीट वर्णन केले. तिची ओळखीची खूण अगदी साधी आहे: रुग्णाला उशीवरून डोके उचलता येत नाही. ही खूण ज्या परिचारिकेला माहीत असते, ती वेळेत व्हेंटिलेटर मागू शकते.

चौकशीसाठी विभागीय आयुक्तांच्या नेतृत्वाखाली विशेष तपास पथक नेमले गेले. मृतांच्या वारसांना दोन लाखांची मदत जाहीर झाली. सुरक्षा किटचे वाटप झाले. काही विक्रेत्यांवर गुन्हे नोंदले गेले. प्रकरण पुढे परदेशातही गेले: डायफेन्थियुरॉनच्या एका उत्पादनाचा मूळ धनी स्वित्झर्लंडमधला असल्यामुळे २०२० मध्ये यवतमाळच्या ५१ कुटुंबांच्या वतीने तिथल्या सरकारी यंत्रणेकडे तक्रार दाखल झाली, आणि बासेलच्या न्यायालयात भरपाईचा दावाही गेला. एका जिल्ह्यातल्या पऱ्हाटीच्या ओळींतून सुरू झालेला वाद स्वित्झर्लंडपर्यंत पोहोचला, तोही बाधितांना इथे दाद मिळेना म्हणून.

बाटलीवरचा चौकोन

प्रत्येक बाटलीवर टोकावर उभा केलेला एक चौकोन असतो, मधोमध दोन त्रिकोणांत विभागलेला. खालच्या त्रिकोणाचा रंग विषाची तीव्रता सांगतो. लाल म्हणजे अतितीव्र, पिवळा म्हणजे तीव्र, निळा मध्यम, हिरवा सौम्य. लाल असेल तर वरच्या त्रिकोणात कवटी आणि हाडांची खूण असते. निरक्षर माणसालाही कळावे म्हणून केलेली ही सोय चांगलीच आहे. पण रंग ठरतो तो प्रयोगशाळेतल्या उंदरांवरून. शरीराच्या वजनाच्या किलोमागे किती मिलिग्रॅम विषाने निम्मे उंदीर मरतात, त्या आकड्यावर. किलोला ५० मिलिग्रॅमपर्यंत लाल, ५०० पर्यंत पिवळा, ५,००० पर्यंत निळा. हा आकडा एका वेळच्या मात्रेचा असतो. वीस दिवस त्वचेतून झिरपणाऱ्या मात्रेबद्दल तो काही सांगत नाही, आणि तीन बाटल्या एकत्र ओतल्यावर ड्रमचा रंग कोणता, याबद्दल तर मुळीच नाही.

त्या चौकोनामागचा कायदा १९६८ चा आहे, आणि तोही एका दुर्घटनेतून जन्मला. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑन मिसळलेले पीठ पोटात जाऊन शंभरहून अधिक माणसे दगावली. जहाजावर विषाचे डबे आणि अन्नाची पोती शेजारी ठेवली गेली होती. त्यानंतर नेमलेल्या समित्यांच्या शिफारशींतून कीटकनाशक अधिनियम आला. नोंदणीशिवाय कोणतेही कीटकनाशक विकता येऊ नये, हे त्याने पक्के केले. मात्र अधिकारांची वाटणी अशी झाली, की कीटकनाशकाची नोंदणी करणे आणि ते कायमचे बंद करणे केंद्राच्या हाती राहिले. राज्य सरकार धोका दिसल्यास विक्री थांबवू शकते, पण साठ दिवस, आणि चौकशी लांबली तर थोडे दिवस आणखी. नोव्हेंबर २०१७ मध्ये महाराष्ट्राने विदर्भातल्या पाच जिल्ह्यांत मोनोक्रोटोफॉस, अ‍ॅसिफेट, डायफेन्थियुरॉन यांच्यासह पाच उत्पादनांची विक्री थांबवली, ती या तरतुदीखाली. तोवर फवारणीचा हंगाम उलटून गेला होता.

मोनोक्रोटोफॉसची कहाणी या वाटणीची किंमत दाखवते. भाजीपाल्यावर ते २००५ मध्येच बंद झाले, कापसावर चालू राहिले. दुकानात बाटली एकच, तेव्हा ती कापसावर जाईल की वांग्यावर हे पाहणारे कोणी नव्हते. जुलै २०१३ मध्ये बिहारमधल्या सारण जिल्ह्यात शाळेच्या माध्यान्ह भोजनातून हेच विष पोटात गेले आणि २३ मुले दगावली. यवतमाळ त्यानंतर चार वर्षांनी घडले. केंद्राचा बंदी आदेश २०२३ मध्ये निघाला, तोही उरलेला साठा मुदत संपेपर्यंत विकण्याची मुभा देऊन.

अळी बोंडात शिरते तेव्हा

इतकी फवारणी करावीच का लागते, हा प्रश्न शहरात सहज विचारला जातो. त्याचे उत्तर एका बारक्या गुलाबी अळीत आहे.

बीटी कापसाला देशात २००२ मध्ये परवानगी मिळाली, दोन जनुकांचे वाण २००६ मध्ये आले. पहिली काही वर्षे बोंडअळीसाठीच्या फवारण्या खरोखर कमी झाल्या, हे नाकारता येत नाही. पण गुलाबी बोंडअळी जवळजवळ कापसावरच जगते. शेतात सगळीकडे बीटीच असेल, तर त्यातून वाचलेल्या अळ्यांचीच प्रजा वाढते. म्हणून भोवती साध्या कापसाच्या ओळी लावायच्या होत्या, त्यासाठी वेगळी पुडी बियाण्याच्या पाकिटाबरोबर येत असे. दोन-चार एकरांच्या शेतात त्या ओळींसाठी जागा सोडणे फारशा कुणाला परवडले नाही. शिवाय उशिरापर्यंत चालणारे संकरित वाण आणि वेचणी संपल्यावरही पाणी देऊन घेतलेली फरदड यांमुळे अळीला जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत खायला मिळत राहिले. प्रतिकारशक्ती आलेली अळी आधी गुजरातेत दिसली. २०१७ पर्यंत तिने विदर्भ आणि मराठवाडा व्यापला.

या अळीवर फवारा फारसा चालत नाही, आणि याचे कारण जवळून पाहिले की लगेच पटते. अंड्यातून निघालेली अळी केसाएवढी असते. ती कळीत किंवा कोवळ्या बोंडात शिरते आणि तिने पाडलेले छिद्र बोंड वाढता वाढता बुजून जाते. कळी उमलते तेव्हा पाकळ्या एकमेकींना चिकटून गुलाबाच्या कळीसारख्या मिटलेल्या राहतात. शेतकरी तिला डोमकळी म्हणतात. वरून हिरवेगार, गुळगुळीत दिसणारे बोंड फोडावे, तर आत सरकीला चिकटलेली गुलाबी अळी आणि पिवळट, सडलेली रुई. औषध बोंडाच्या कवचावर वाळून जाते, अळी आत सुखरूप असते. पीक हातचे जाताना दिसणारा शेतकरी मग दुसरे, आणखी जालीम औषध मागतो. २०१७ च्या त्या ड्रममधली मिश्रणे या हतबलतेतून आली होती. बेफिकिरीचा ठपका ठेवताना एवढे तरी ध्यानात घ्यायला हवे.

अळीखेरीज जे मरते

फवाऱ्यातून अळी वाचते तेव्हा तिला खाणारे मात्र वाचत नाहीत. ढालकिडा माव्यावर जगतो. क्रायसोपाच्या अळ्या तुडतुड्यांची पिल्ले टिपतात. ट्रायकोग्रामा ही डोळ्याला जेमतेम दिसणारी गांधीलमाशी बोंडअळीच्या अंड्यांत आपली अंडी घालते. हे कीटक पानांवर उघडे फिरतात, त्यामुळे पहिल्याच फवारणीत जातात. किडीची पुढची पिढी दोन-तीन आठवड्यांत उभी राहते, तिच्या शत्रूंची इतक्या लवकर नाही. फवारणीनंतर पांढरी माशी अचानक उसळते ती यामुळे. मग तिच्यासाठी आणखी एक फवारणी.

मधमाश्यांचे नुकसान अधिक दूरवर जाते. इमिडाक्लोप्रिडसारखी निओनिकोटिनॉइड औषधे वनस्पतीच्या रसात भिनतात आणि फुलातल्या परागापर्यंत पोहोचतात. मात्रा कमी असली तरी माशीला पोळ्याकडे परतायची वाट सापडत नाही. युरोपीय संघाने २०१८ मध्ये या गटातल्या तीन औषधांचा उघड्या शेतातला वापर बंद केला. महाराष्ट्रात कांद्याचे बी घेणारे शेतकरी फुलोऱ्यात मधमाश्यांच्या पेट्या आणून ठेवतात, कारण परागीभवनाला पुरेशा माश्या शिवारात उरलेल्या नाहीत.

पक्ष्यांबाबत मोनोक्रोटोफॉसचा पुरावा अर्जेंटिनातून आला. १९९५-९६ च्या हंगामात तिथे नाकतोड्यांवर ते फवारले गेले आणि ते नाकतोडे खाणारे स्वेन्सनचे ससाणे हजारोंच्या संख्येने मेले. उत्तर अमेरिकेतून हजारो किलोमीटर उडत आलेले ते पक्षी होते. शेतांच्या कडेला त्यांचे खच पडले.

विष हवेतून, पाण्यातून किती दूर जाऊ शकते याचा भारतातला सर्वांत दाहक दाखला केरळच्या कासारगोडचा आहे. सरकारी काजू मळ्यांवर सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून २००० पर्यंत हेलिकॉप्टरने एंडोसल्फान फवारले गेले. खाली डोंगरउतारांवर वाड्या होत्या, झरे होते, उघड्या विहिरी होत्या. तिथल्या मुलांमधली व्यंगे आणि मज्जासंस्थेचे विकार आधी एका स्थानिक डॉक्टरला आणि वार्ताहरांना दिसले. सर्वोच्च न्यायालयाने मे २०११ मध्ये देशभर एंडोसल्फानवर बंदी घातली आणि जानेवारी २०१७ मध्ये पीडितांना प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा आदेश दिला.

द्राक्षाचा दाणा

महाराष्ट्रात कीटकनाशकावर काटेकोर देखरेख ठेवता येतच नाही, असे मात्र नाही. नाशिक आणि सांगलीच्या द्राक्षबागांत ती ठेवली जाते.

युरोपला जाणाऱ्या द्राक्षाची बाग आधी नोंदवावी लागते. कोणत्या तारखेला काय फवारले याची वही ठेवावी लागते. प्रत्येक औषधाला काढणीपूर्व प्रतीक्षा काळ असतो, म्हणजे फवारणीनंतर इतके दिवस घड तोडायचा नाही. काढणीआधी प्रयोगशाळेचा माणूस स्वतः बागेत येऊन नमुना घेतो, शेतकऱ्याने दिलेला नमुना चालत नाही. ज्या रसायनाची वेगळी मर्यादा ठरलेली नसेल, त्याला युरोपात किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमची सरसकट मर्यादा लागू होते. पुण्याजवळ मांजरीला असलेले राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र या साऱ्या तपासणीवर लक्ष ठेवते.

ही शिस्त ठेच लागून आली. २००३ मध्ये नेदरलँड्सला गेलेल्या द्राक्षांत मेथोमिलचे अंश सापडले, त्यानंतर नोंदणी आणि तपासणीची साखळी उभी राहिली. २०१० मध्ये दुसरा फटका बसला. वेलीची वाढ रोखण्यासाठी वापरले जाणारे क्लोरमेक्वाट क्लोराइड, ज्याला बागाईतदार सीसीसी म्हणतात, ते तपासण्यांच्या यादीतच नव्हते. युरोपने ते तपासले आणि कंटेनर अडकले. बागाईतदार कर्जात बुडाले. पुढच्या हंगामात सीसीसी यादीत होते.

म्हणजे किलोभर द्राक्षांत मिलिग्रॅमचा शंभरावा भाग विष आहे की नाही, हे शोधून काढणारी यंत्रे, माणसे, नोंदी आणि पैसा या राज्यात आहे. घड खाणाऱ्या परदेशी गिऱ्हाइकासाठी ती उभी राहिली, आणि ती उभी राहिली हे चांगलेच झाले. ज्या मजुराने त्या बागेत हंगामभर फवारण्या केल्या, त्याच्या रक्ताचा नमुना मात्र कोणी घेत नाही. कापसाच्या पट्ट्यात तर बोंडाचाही नमुना कोणी घेत नाही, कारण रुई खायची नसते.

किटमधले हातमोजे

यवतमाळनंतर वाटलेल्या किटमध्ये टोपी, चष्मा, मास्क, हातमोजे आणि एक ॲप्रन असे. त्यातला कापडी किंवा कागदी मास्क धूळ अडवतो, वाफ अडवत नाही. पातळ हातमोजे मूळ द्रावणात लवकर पाझरतात, आणि आतून ओले झाल्यावर ते विष त्वचेला लावूनच धरतात. जाड रबरी मोजे आणि बंद पोशाख घालून ऑक्टोबरच्या उन्हात सहा फुटी पिकातून तीन तास चालणे माणसाला झेपत नाही, चष्म्यावर दोन मिनिटांत वाफ धरते. मजूर आळसाने किट घालत नाहीत असे म्हणणाऱ्याने एकदा ते घालून एक पंप मारून पाहावा. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या कीटकनाशकविषयक आचारसंहितेतही हेच मान्य केलेले आहे. जी औषधे हाताळायला त्रासदायक, महाग किंवा सहज न मिळणारी संरक्षक साधने लागतात, ती उष्ण हवामानातल्या छोट्या शेतकऱ्यांच्या हाती देणे टाळावे, असे ती सांगते.

म्हणून खरा बचाव दोन ठिकाणी आहे. जास्त विषारी औषधे बाजारातून काढून घेणे, हा एक. श्रीलंकेने १९९५ पर्यंत टप्प्याटप्प्याने अतितीव्र कीटकनाशके बंद केली. त्यानंतरच्या दोन दशकांत तिथले आत्महत्यांचे प्रमाण खूप खाली आले आणि शेतीचे उत्पादन घटले नाही. फडताळातली बाटली कमी जहरी झाल्याने क्षणिक उद्वेगातली असंख्य माणसे वाचली. विदर्भाने या अनुभवाकडे फार गांभीर्याने पाहायला हवे.

दुसरा बचाव म्हणजे फवारणीची गरजच कमी करणे, आणि त्याच्या रीती गावात माहीत आहेत. डिसेंबरअखेर पऱ्हाट्या उपटून शेत मोकळे केले, फरदड घेतली नाही, तर गुलाबी अळीची साखळी तुटते. पेरणीनंतर दीड महिन्याने एकरी दोन कामगंध सापळे लावायचे. सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग पडले तरच फवारणीचा विचार. डोमकळ्या दिसतील तशा तोडून नष्ट करायच्या. सुरुवातीच्या किडीला पाच टक्के निंबोळी अर्क पुरतो, आणि त्यासाठी लागणाऱ्या निंबोळ्या जूनमध्ये बांधावर पडलेल्याच असतात. शेजारच्या तेलंगणात पुनुकुला या गावाने २००० नंतरच्या काही वर्षांत रासायनिक कीटकनाशके पूर्णपणे सोडून कापूस घेतला. पण एकट्या शेताने हे करून भागत नाही, पतंग बांध ओळखत नाही. सगळ्या शिवाराने एका वेळी करावे लागते, आणि तिथे कृषी खात्याच्या माणसाची खरी गरज असते.

तोवर पंप पाठीवर राहणार आहे, आणि पंपामागच्या माणसाची नोंद कुठे तरी हवी आहे. शासनाच्या शेतकरी अपघात योजनेत कीटकनाशक हाताळताना झालेली विषबाधा धरली आहे, पण ती योजना सातबाऱ्यावरच्या खातेदारासाठी आणि त्याच्या कुटुंबातल्या एका माणसासाठी आहे. पंपामागे मजुरी घेणाऱ्या भूमिहीनाकडे सातबारा नसतो. नोंदीची वाट मात्र बंद नाही: विषबाधेच्या प्रत्येक रुग्णाची सूचना शासनाला देणे बंधनकारक करण्याची तरतूद १९६८ च्या कायद्यातच आहे.

त्या कायद्याखालच्या १९७१ च्या नियमांत याहून मोलाची एक तरतूद आहे. कीटकनाशके हाताळणाऱ्या कामगारांची कामावर घेण्याआधी वैद्यकीय तपासणी व्हावी आणि फॉस्फरस गटाच्या औषधांशी काम करणाऱ्यांचे कोलिनेस्टरेज दर महिन्याला मोजावे, असे ते नियम म्हणतात. कारखान्याच्या फाटकाबाहेर ही तरतूद क्वचितच पोहोचली. तपासणी अवघड नाही, थोड्या रक्तावर होते. मात्र एक अट आहे. कोलिनेस्टरेजची पातळी प्रत्येक माणसात मुळातच कमी-जास्त असते, त्यामुळे नुसता एकच आकडा पुरेसे काही सांगत नाही. त्याच माणसाच्या निरोगी आकड्याशी तो ताडून पाहावा लागतो, आणि पातळी बरीच घसरलेली दिसली की त्याला काही आठवडे फवारणीपासून दूर ठेवावे लागते. त्यासाठी पहिले रक्त जूनमध्ये, पंप माळ्यावरून खाली उतरण्याआधी, गावातल्या उपकेंद्रावर घ्यायला हवे. दुसरे ऑगस्टच्या मध्याला, पऱ्हाटी छातीला लागते तेव्हा.